क्षयरोगाच्या गोळ्या संपल्या, तेव्हापासून लोकसभेतल्या उत्तरापर्यंत

माझी आई सोलापूरच्या पूर्व भागात गेली 32 वर्षे विड्या वळते. 2023 च्या दिवाळीनंतर तिचा खोकला थांबेना आणि संध्याकाळी अंगात कसकस राहू लागली. तंबाखूच्या धुळीत बसणाऱ्या बाईला खोकला असायचाच, असे घरात सगळ्यांनी गृहीत धरल्यामुळे तपासणीला दोन महिने उशीर झाला. अखेर आमच्या गल्लीतल्या आशाताईंनी तिला हाताला धरून आरोग्य केंद्रावर नेले, बेडक्याची तपासणी झाली आणि 5 जानेवारी 2024 रोजी फुफ्फुसाचा क्षयरोग असल्याचे निदान झाले. दुसऱ्या दिवशी गोळ्या सुरू झाल्या. गड्डा यात्रेच्या दिवसांत, जेव्हा सगळे सोलापूर सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांमागे असते, तेव्हा आई खिडकीजवळ अंथरुणावर पडून होती. तिच्या लघवीचा रंग गोळ्यांमुळे नारिंगी झाला म्हणून मी घाबरले होते. तो रिफाम्पिसिन या औषधाचा नेहमीचा परिणाम असतो, हे मला पुष्कळ उशिरा कळले. निदानाच्या दिवशीच कोणी सांगितले असते, तर एक रात्र शांतपणे गेली असती.

हे लिहिण्याचे कारण मात्र आजार नाही. उपचार सुरू असताना सरकारी गोळ्या संपल्या आणि त्या का संपल्या याचे उत्तर शोधता शोधता मी माहिती अधिकाराच्या अर्जापासून संसदेतल्या प्रश्नापर्यंत पोचले. मी टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात स्टॉकचे रजिस्टर लिहिते. कायद्याचे किंवा राजकारणाचे शिक्षण माझ्यापाशी नाही आणि सुरुवातीला लोकसभेतला प्रश्न कसा विचारला जातो हेही मला ठाऊक नव्हते. ज्यांच्या घरात अशीच वेळ येईल, त्यांना निदान कोणत्या दारावर कोणता कागद घेऊन जायचे एवढे कळावे, म्हणून तारखांसह सारे मांडते आहे.

क्षयरोगाच्या नेहमीच्या उपचारात पहिले दोन महिने चार औषधे एकत्र असलेली गोळी आणि पुढचे चार महिने तीन औषधे एकत्र असलेली गोळी रोज घ्यावी लागते. केंद्रावरचे लोक त्यांना ‘फोर एफडीसी’ आणि ‘थ्री एफडीसी’ म्हणतात. किती गोळ्या घ्यायच्या हे वजनावर ठरते. आईचे वजन तेव्हा 38 किलो होते आणि 35 ते 49 किलोच्या गटाला रोज 3 गोळ्या असल्याने तिलाही तेवढ्याच होत्या. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिच्या थ्री एफडीसी सुरू झाल्या, ताप गेला होता, भाकरी पोटात जाऊ लागली होती. त्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात केंद्रावर महिन्याऐवजी एका आठवड्याच्या गोळ्या मिळाल्या, पुढच्या खेपेला चार दिवसांच्या, आणि त्यानंतर रिकाम्या हाताने परत यावे लागले. आमचे केंद्र कोणते हे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण तुटवडा त्यांनी निर्माण केलेला नव्हता. तिथल्या सुपरवायझर साहेबांनी शेजारच्या दोन केंद्रांना माझ्यासमोर फोन लावून गोळ्या उसन्या मागितल्या होत्या. तिथेही शिल्लक नव्हती.

आईचे चार दिवस गोळ्यांविना गेले. हे चार दिवस मी अजून विसरू शकत नाही, कारण ‘एक दिवसही चुकवू नका, नाहीतर औषध लागू पडेनासे होते’ हे वाक्य तिला जानेवारीपासून प्रत्येकाने ऐकवले होते आणि ती ते देवाच्या व्रतासारखे पाळत आली होती. पाचव्या दिवशी आम्ही बाहेरून गोळ्या विकत घेतल्या. पहिल्या दुकानात चिठ्ठी नसल्याने मला परत पाठवले, तेव्हा मी रागावले, पण त्या दुकानदाराचे बरोबर होते. क्षयरोगाची औषधे 2014 पासून ‘एच वन’ या अनुसूचीत आहेत. त्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत आणि विक्रीची नोंद दुकानदाराला वेगळ्या वहीत ठेवावी लागते. बाहेरून गोळ्या घेण्याची वेळ आली तर केंद्रावरच्या डॉक्टरांकडून गोळीचे नाव, मात्रा आणि ‘केंद्रावर उपलब्ध नाही’ असा शेरा असलेली चिठ्ठी सही-शिक्क्यासह आधीच घ्यावी. दोन वेळा मिळून आमचे 612 रुपये गेले. आठवड्याच्या विडीच्या मजुरीवर चालणाऱ्या घराला ही रक्कम लहान नसते, आणि त्या काळात आईची मजुरीही बंद होती.

मार्चच्या शेवटी वर्तमानपत्रात आलेल्या एका बातमीने मला पहिला धागा दिला. केंद्र सरकारच्या क्षयरोग विभागाने 18 मार्च 2024 रोजी राज्यांना पत्र लिहिले होते. पुरवठ्याला उशीर होण्याची शक्यता असल्याने राज्यांनी तीन महिन्यांसाठी स्थानिक पातळीवर औषधे खरेदी करावीत आणि तेही जमले नाही तर रुग्णांनी विकत घेतलेल्या औषधांची भरपाई करावी, असा त्याचा आशय होता. त्याच महिन्याच्या अखेरीस आरोग्य मंत्रालयाने प्रसिद्धीपत्रक काढून तुटवड्याच्या बातम्या चुकीच्या आहेत आणि साठा पुरेसा आहे, असे म्हटले. एकाच मंत्रालयाचे हे दोन कागद मी एकाखाली एक ठेवून अनेकदा वाचले. देशाच्या एकूण साठ्याचा आकडा खरा असूही शकेल, पण एकूण साठा आणि आमच्या केंद्राच्या फळीवरचा साठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे स्टॉक लिहिणाऱ्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. कारखान्याच्या मुख्य गोदामात हजार डझन टॉवेल असले तरी पॅकिंगच्या टेबलावर एकही नसेल, तर त्या दिवशी गाडी भरत नाही.

म्हणून मी आधी गोळीचा रस्ता शोधला. बाकीच्या बहुतेक औषधांप्रमाणे ही गोळी राज्य सरकार घेत नाही. राष्ट्रीय क्षयरोग दूरीकरण कार्यक्रमासाठी ती केंद्र सरकार घेते, आणि खरेदीचे काम सेंट्रल मेडिकल सर्व्हिसेस सोसायटी ही केंद्राची संस्था करते. तिथून माल राज्याच्या औषध भांडारात, राज्याकडून जिल्ह्याच्या भांडारात, जिल्ह्याकडून क्षयरोग पथकाकडे आणि तिथून आरोग्य केंद्रावर येतो. प्रत्येक टप्प्यावर आवक, जावक आणि शिल्लक यांची नोंद होते, ‘निक्षय औषधी’ या संगणक प्रणालीतही होते. म्हणजे गोळी कोणत्या दिवशी, कोणत्या पायरीवर अडकली याचे उत्तर कुठेतरी लिहिलेले असणारच, आणि ते मागता येईल, असे मला वाटले.

8 एप्रिल 2024 रोजी मी माहिती अधिकाराचा पहिला अर्ज दिला. महाराष्ट्रात अर्ज ‘जोडपत्र अ’ या नमुन्यात असतो, त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा लागतो, आणि दोन गोष्टी फार जपाव्या लागतात: अर्जाचा मजकूर 150 शब्दांत बसला पाहिजे आणि तो एकाच विषयाचा असला पाहिजे. मी पहिल्या मसुद्यात आईची सारी कहाणी लिहिली होती. आमच्या कारखान्यातल्या निवृत्त होत आलेल्या एका काकांनी ती वाचून शांतपणे सांगितले, ‘‘तू यात विचारलेस का? तू तर सांगितलेस.’’ मग मी कहाणी काढून टाकली आणि फक्त जानेवारी ते मार्च 2024 या काळातल्या थ्री एफडीसी गोळ्यांच्या साठा नोंदवहीची तारीखवार प्रत मागितली. ‘तुटवडा का झाला’ असे विचारले नाही, कारण माहिती अधिकारात अस्तित्वात असलेला कागद मागता येतो, कोणाकडून स्पष्टीकरण मागता येत नाही.

उत्तर 6 मे च्या तारखेचे होते आणि मला 13 मे रोजी पोस्टाने मिळाले. मधे 7 मे रोजी सोलापुरात लोकसभेचे मतदान झाले होते आणि अर्धी कार्यालये निवडणुकीच्या कामाला जुंपलेली होती, तरी 30 दिवसांच्या आत उत्तर निघाले, याची मी कदर करते. पण त्यात तारीखवार नोंद नव्हती. महिन्याची एकूण आवक आणि एकूण जावक असा एका पानाचा तक्ता होता. मार्च महिन्याच्या तक्त्यात माल आलाही होता आणि वाटलाही गेला होता, त्यामुळे तो कागद पाहणाऱ्याला सारे सुरळीत होते असेच वाटले असते. महिन्याच्या बेरजेत रिकामे दिवस दिसत नाहीत.

20 मे रोजी मी पहिले अपील केले. त्याचा नमुना ‘जोडपत्र ब’, स्टॅम्प 20 रुपयांचा, आणि मुदत उत्तर मिळाल्यापासून 30 दिवस. अपिलात मी नोंदवहीची प्रत किंवा प्रत्यक्ष पाहणी, यांपैकी काहीही चालेल असे लिहिले. 18 जूनला सुनावणी झाली, ती जेमतेम दहा मिनिटे चालली. अपिलीय अधिकाऱ्यांनी माझे म्हणणे ऐकून घेतले आणि पाहणीला परवानगी दिली. मी त्या दिवशी घामाघूम झाले होते, आवाज फुटत नव्हता, पण लिहून नेलेले पाच ओळींचे टिपण वाचून दाखवल्यावर भागले. सुनावणीला जाणाऱ्यांनी असे टिपण जरूर न्यावे. पाहणीच्या पहिल्या तासाला शुल्क लागत नाही. 26 जूनला मी कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढून नोंदवही पाहिली आणि 14 पानांच्या प्रती प्रत्येकी 2 रुपयांप्रमाणे 28 रुपये भरून घेतल्या.

त्या नोंदवहीत मला हवे ते सापडले. शिल्लकीच्या रकान्यात मार्चच्या तिसऱ्या आठवड्यानंतर सलग शून्ये होती, आणि त्याच्या आधी कितीतरी दिवसांपूर्वी वरच्या भांडाराकडे मागणी नोंदवल्याची तारीखही होती. म्हणजे खालच्या माणसाने मागणी केली होती, तीही वेळेत केली होती. त्या शून्यांवरून बोट फिरवताना मला राग आला नाही, उलट एक प्रकारचा धीर आला, कारण चार दिवस आईच्या गोळ्या चुकल्या त्यात तिची किंवा माझी काही हयगय झाली असावी अशी शंका माझ्या मनात मार्चपासून घर करून होती. दोन दिवसांनी, 28 जूनला, आईचा उपचार पूर्ण झाला. शेवटच्या तपासणीत बेडक्यात जंतू आढळले नाहीत.

इथे थांबता आले असते. पण आमच्या गल्लीत त्याच काळात आणखी दोघींचे उपचार चालू होते आणि पुढच्या वर्षी पुन्हा असेच झाले तर काय, हा प्रश्न तसाच होता. गोळी दिल्लीत खरेदी होते, म्हणून प्रश्नही दिल्लीत विचारला गेला पाहिजे, असे मला वाटू लागले. मी मार्चमध्येच एका लोकप्रतिनिधीच्या संपर्क कार्यालयात गेले होते, पण 16 मार्चला आचारसंहिता लागली होती आणि लोकसभेची बैठकच नव्हती, त्यामुळे त्या वेळी कोणी काही करू शकत नव्हते. 6 जुलैला मी पुन्हा गेले. नवी लोकसभा आली होती आणि अर्थसंकल्पी अधिवेशन 22 जुलैपासून सुरू होणार होते. खासदार स्वतः भेटले नाहीत. त्यांच्या स्वीय सहाय्यकांनी मला पाऊण तास दिला आणि मी आजवर ऐकलेल्या सगळ्या समजावण्यांत ती सर्वांत उपयोगी ठरली.

त्यांनी सांगितलेले नियम मी नंतर लोकसभेच्या नियमांच्या पुस्तिकेत पडताळून पाहिले. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान 15 दिवस आधी द्यावी लागते. प्रत्येक मंत्रालयाचा वार ठरलेला असतो, आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्रालयाचा लोकसभेत शुक्रवार असतो आणि राज्यसभेत मंगळवार. एका दिवसाच्या यादीत 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न घेतले जातात. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात, तरी प्रश्नोत्तराचा एक तास लक्षात घेता त्या 20 पैकी मोजकेच तोंडी उत्तरापर्यंत पोचतात. अतारांकित प्रश्नाचे लेखी उत्तर सभागृहापुढे ठेवले जाते, त्यावर पुरवणी प्रश्न नसतो. एका सदस्याला एका दिवसासाठी 5 सूचना देता येतात आणि सूचना जास्त आल्या की कोणाचा प्रश्न आधी, हे सोडतीने ठरते. हे ऐकून माझा धीर थोडा खचला. एवढ्या मोठ्या देशात आमची चिठ्ठी निघणार कधी!

पण खरा धडा पुढे होता. मी लिहून नेलेला प्रश्न असा होता की, सोलापुरातल्या केंद्रावर मार्चमध्ये क्षयरोगाच्या गोळ्या का नव्हत्या आणि जबाबदार अधिकाऱ्यांवर काय कारवाई केली. सहाय्यक म्हणाले, ‘‘ताई, हा प्रश्न सभागृहापर्यंत जाणारच नाही.’’ राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये आणि दवाखाने हा विषय राज्यांच्या सूचीत आहे. जी बाब मुख्यतः राज्य सरकारच्या अखत्यारीतली आहे, तिच्यावरचा प्रश्न लोकसभेत स्वीकारला जात नाही. प्रश्नात युक्तिवाद, अनुमान किंवा आरोपही चालत नाही, आणि तोही 150 शब्दांतच बसवावा लागतो. सोलापूरचे आरोग्य केंद्र हा राज्याचा विषय, पण गोळीची खरेदी हा केंद्र सरकारचा विषय. म्हणून आरोग्य केंद्राच्या फळीवर गोळी का नव्हती असे विचारण्याऐवजी निविदा कधी निघाली, खरेदीचा आदेश कधी दिला, माल राज्याच्या भांडारात कधी पोचला, असे विचारावे लागते. मी कारखान्यात हेच करते: माल आला नाही तर हमालाला जाब विचारत नाही, ऑर्डरची तारीख पाहते. तरी स्वतःच्या आईच्या बाबतीत मला ते सुचले नव्हते.

हीच गोष्ट उलट बाजूनेही लागू पडते, आणि ती लिहिणे मला आवश्यक वाटते. तुमच्या घरातल्या माणसाला रक्तदाबाची, मधुमेहाची किंवा साधी तापाची गोळी सरकारी दवाखान्यात मिळत नसेल, तर तो प्रश्न बहुधा दिल्लीचा नसतो, मुंबईचा किंवा नागपूरचा असतो. महाराष्ट्रात 2017 पासून सरकारी रुग्णालयांसाठीची मोठी खरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपवलेली होती, आणि 2023 साली स्वतंत्र कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन करण्यात आले. या खरेदीचा जाब विधिमंडळात विचारता येतो, तारांकित प्रश्नाने किंवा लक्षवेधी सूचनेने, आणि त्यासाठी गाठायचे ते आमदारांना. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी 2016-17 ते 2021-22 या काळातल्या राज्याच्या आरोग्यसेवेचे जे लेखापरीक्षण केले, त्याचा अहवाल डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात मांडला गेला. त्यात औषध खरेदीवरही लिहिलेले आहे आणि तो महालेखापरीक्षकांच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो. असा अहवाल पुढे विधिमंडळाच्या लोकलेखा समितीकडे जातो, तिथे विभागाच्या सचिवांना साक्षीला बोलावले जाते. आमदारांकडे जाताना त्यातले आपल्या विषयाचे पान छापून नेले, तर बोलणे ‘आमच्याकडे औषध मिळत नाही’ या तक्रारीच्या पुढे सरकते.

आमच्या प्रश्नाची सूचना आधी 2 ऑगस्ट आणि मग 9 ऑगस्ट या शुक्रवारांसाठी दिली गेली. दोन्ही वेळा सोडतीत क्रमांक मागे पडला. 12 ऑगस्टपर्यंत चालणार असलेले अधिवेशन 9 ऑगस्टलाच संस्थगित झाले आणि विषय हिवाळी अधिवेशनावर गेला. मधले तीन महिने काहीही घडले नाही. ऑक्टोबरच्या मध्यापासून विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता होती, कार्यालयात फोन उचलायलाही कोणी नसे. या काळात मी एकच काम केले: दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सहाय्यकांना दोन ओळींचा संदेश पाठवत राहिले. त्यात गाऱ्हाणे नसे, फक्त विषय आणि प्रश्नाच्या मसुद्याची प्रत असे. त्यांच्याकडे रस्ता, रेल्वे, पाणी, बदल्या अशी शेकडो कामे येतात, आपला कागद वर राहील याची काळजी आपल्यालाच घ्यावी लागते. विडीच्या ब्रँचमध्ये, म्हणजे जिथून पाने-तंबाखू आणायची आणि वळलेल्या विड्या द्यायच्या तिथे, आई पुन्हा जाऊ लागली ती याच दिवसांत. डॉक्टरांनी तंबाखूपासून दूर राहायला सांगितले होते. ती आता तोंडाला फडके बांधून दारात, मोकळ्या हवेत बसून विड्या वळते. दुसरे काम तिला या वयात कोण देणार, याचे उत्तर माझ्याकडे नाही.

हिवाळी अधिवेशन 25 नोव्हेंबरला सुरू झाले. डिसेंबरमधल्या एका शुक्रवारच्या यादीत आमचा प्रश्न अतारांकित म्हणून आला. सूचना हिंदी किंवा इंग्रजीतच द्यावी लागते, त्यामुळे मसुद्याचे इंग्रजी सहाय्यकांनी करून दिले होते. प्रश्नोत्तराच्या तासानंतर उत्तर सभागृहापुढे ठेवले जाते आणि मग ते संसदेच्या संकेतस्थळावर मिळते. मी त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपासून दर दहा मिनिटांनी फोन पाहत होते. संध्याकाळी उत्तर उघडले तेव्हा माझे हात थरथरत होते.

उत्तर दीड पानाचे होते. प्रश्नाचे चार भाग होते, पण उत्तरात चारही भाग एकत्र घेतलेले होते. कार्यक्रमाची उद्दिष्टे, राष्ट्रीय आरोग्य अभियानातून राज्यांना मिळणारा निधी, गरजेनुसार स्थानिक खरेदीची दिलेली मुभा आणि सध्या साठा पुरेसा असल्याची ग्वाही, असा त्याचा मजकूर होता. आम्ही मागितलेल्या निविदेच्या आणि खरेदी आदेशाच्या तारखा त्यात नव्हत्या. घरी आल्यावर मी आईला ते मराठीत सांगितले. तिने सगळे नीट ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘माझे चार दिवस यात कुठे आहेत?’’ मी तिला म्हटले की ते यात नाहीत. त्या रात्री मला फार वाईट वाटले, आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

सकाळी मी तोच कागद स्टॉकच्या नजरेने वाचला. त्यातून दोन गोष्टी हाती आल्या. पहिली, स्थानिक खरेदीची मुभा आणि निधी दिल्याचे मंत्रालयाने सभागृहापुढे लेखी दिले होते. दुसरी, चुका माझ्या होत्या आणि त्या दुरुस्त करता येण्यासारख्या होत्या: आम्ही चार वेगळ्या गोष्टी एकाच ओळीत गुंफल्यामुळे सगळ्यांना मिळून एक सर्वसाधारण उत्तर देणे सोपे गेले होते, आणि ‘गेल्या काही महिन्यांत’ असे लिहून आम्हीच काळ मोघम ठेवला होता. सहाय्यकांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. मंत्र्यांनी उत्तरात ‘माहिती गोळा केली जात आहे आणि सभागृहापुढे ठेवली जाईल’ असे म्हटले, तर ते आश्वासन धरले जाते, ते साधारणपणे तीन महिन्यांत पुरे करावे लागते आणि शासकीय आश्वासन समिती त्यावर लक्ष ठेवते. आमच्या उत्तरात असे वाक्य नव्हते. प्रश्नात नेमकी तारीखवार, राज्यवार माहिती मागितली, तर ती तरी द्यावी लागते किंवा गोळा करण्याचे आश्वासन तरी द्यावे लागते, आणि दोन्हींत आपले काम पुढे जाते.

पहिल्या गोष्टीचा उपयोग ताबडतोब झाला. बाहेरून घेतलेल्या गोळ्यांच्या 612 रुपयांच्या भरपाईचा अर्ज मी 15 एप्रिललाच दिला होता आणि ‘वरून सूचना नाहीत’ या कारणाने तो पडून होता. डिसेंबरमध्ये मी त्या लेखी उत्तराची प्रत, डॉक्टरांची चिठ्ठी, दुकानाची बिले आणि आईच्या बँक पासबुकाची प्रत जोडून अर्ज पुन्हा दिला आणि पोच घेतली. जानेवारी 2025 मध्ये पैसे खात्यावर आले. बिलावर रुग्णाचे पूर्ण नाव आणि गोळीचा बॅच क्रमांक असावा, दुकानातून निघण्याआधीच ते पाहून घ्यावे, कारण आमचे एक बिल नाव नसल्यामुळे परत आले होते आणि त्यासाठी एक फेरी जास्त झाली. क्षयरोगाच्या रुग्णाला सरकारकडून मिळणाऱ्या पोषण आहाराच्या अनुदानाचे, जे तेव्हा महिना 500 रुपये होते आणि 1 नोव्हेंबर 2024 पासून 1000 रुपये झाले, आईचे हप्तेही तुकड्यातुकड्यांनी का होईना, सगळे मिळाले.

विनंती अर्जाचा मार्गही मी पाहिला. लोकसभेकडे नागरिकाला सदस्याच्या प्रतिस्वाक्षरीने अर्ज करता येतो, त्याची भाषा आदराची आणि संयत असावी लागते आणि त्याला कागदपत्रे जोडता येत नाहीत. पण जी बाब सर्वसाधारणपणे राज्याच्या विधिमंडळात उपस्थित व्हायला हवी ती त्यात चालत नाही, आणि माझ्या नोंदवहीच्या 14 प्रती जोडता येणार नसतील तर माझ्या अर्जात वजनदार असे काय उरते, म्हणून मी तो सोडून दिला. आरोग्याच्या संसदीय स्थायी समितीचे वेगळे आहे. तिच्यात 31 सदस्य असतात, 21 लोकसभेचे आणि 10 राज्यसभेचे, आणि तिचे सचिवालय राज्यसभेकडे आहे. मंत्रालयाच्या अनुदान मागण्या ती दरवर्षी तपासते आणि तिच्या शिफारशींवर काय केले हे सरकारला तीन महिन्यांत कळवावे लागते. विशिष्ट विषयावर ती जाहिरात देऊन लोकांकडून निवेदने मागवते. समितीला दिलेले निवेदन तिच्या नोंदीचा भाग होते आणि ते आपण दुसरीकडे प्रसिद्ध करणे हा हक्कभंग ठरू शकतो, म्हणून जाहिरातीतल्या अटी वाचल्याशिवाय आपला मजकूर कोणालाही वाटू नये. मी समितीला तीन पानांचे पत्र फेब्रुवारीत स्पीड पोस्टाने पाठवले, 41 रुपये लागले. त्यातला मजकूर याच कारणाने इथे देत नाही.

एक सूचना रुग्णाच्या नावाविषयी. आईचे नाव, तिचा निक्षय क्रमांक (क्षयरोग कार्यक्रमातला रुग्ण क्रमांक) किंवा पत्ता मी कोणत्याही कागदात दिला नाही, भरपाईचा अर्ज तेवढा सोडून. प्रश्न विचारायला नावाची गरज नसते. आमच्या गल्लीत अजूनही क्षयरोग झालेल्या बाईच्या हातचे पाणी न घेणारी घरे आहेत, आणि लोकसभेतले प्रश्नोत्तर कायमचे नोंदलेले राहते.

सुधारलेला प्रश्न मी अधिवेशनाच्या 10 मार्च 2025 पासूनच्या दुसऱ्या टप्प्यासाठी फेब्रुवारी 2025 मध्ये कार्यालयात दिला होता. कोणाला आपल्या जिल्ह्याच्या सदस्यांकडे न्यायचा असेल, तर त्याने तो असाच उचलावा, औषधाचे नाव आणि काळ तेवढा बदलावा: आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री हे सांगतील काय की, (क) 1 ऑक्टोबर 2023 ते 31 मार्च 2024 या काळात क्षयरोगाच्या थ्री एफडीसी गोळ्यांसाठी काढलेल्या प्रत्येक निविदेची आणि दिलेल्या प्रत्येक खरेदी आदेशाची तारीख काय, (ख) त्या प्रत्येक आदेशाचा माल राज्यांच्या औषध भांडारांत पोचल्याची राज्यवार तारीख काय, (ग) दिनांक 18 मार्च 2024 च्या पत्रानंतर स्थानिक खरेदीसाठी प्रत्येक राज्याला किती निधी कोणत्या तारखेला दिला, आणि (घ) त्या काळात ज्या दिवशी राज्य भांडारात या गोळ्यांची शिल्लक शून्य होती, त्या दिवसांची राज्यवार संख्या किती?